‘खाली’ म्हणायचा हक्क

नेउस आमच्या पथकाची प्रमुख झाली आणि सरावात बोलाचाली सुरू झाली. त्याआधी आमच्यात एकच आवाज असायचा, प्रमुखाचा. माणसांचा मनोरा रचताना खालच्याने मान छातीत घालायची, वर बघायचं नाही, तोंड उघडायचं नाही. मी तीस वर्षं दुसऱ्या थरात असाच उभा राहिलो. नेउस मात्र सराव संपला की सगळ्यांना जमिनीवर बसवून विचारायची, काय बदलू या? त्यातही सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलायला लावायची. मनोरा रचतोय की ग्रामसभा भरवतोय, असं मला व्हायचं.

तिथूनच ते खूळ निघालं. दोइना म्हणून रुमानियाची एक बाई आहे, बस चालवते आणि दुसऱ्या थरात माझ्या शेजारच्या कोपऱ्यात उभी राहते. ती म्हणाली, मनोरा प्रमुखाला दिसतो, पण वजन आम्हाला कळतं. तेव्हा दुसऱ्या थरातल्या चौघांपैकी कोणीही ‘खाली’ म्हटलं, की वाद न घालता सगळ्यांनी उतरायचं.

“मग पथकाचं नाव घाबरट मंडळ ठेवू या,” मी म्हणालो. बरेच जण हसले. नेउस हसली नाही. या मोसमात करून बघू, एवढंच म्हणाली. माझं डोकं फिरलं. द्राक्षतोडणीच्या जत्रेत आठ थर लागले नाहीत, तर हिवाळ्यातल्या प्रमुखपदाच्या निवडणुकीत मी तुझ्याविरुद्ध उभा राहणार, असं तिला सगळ्यांदेखत सुनावलं. आठ थर आम्ही कित्येक वर्षांत लावले नव्हते.

जत्रेच्या दिवशी चौक गच्च भरला होता. शेजारगावच्या हिरव्या शर्टवाल्यांचे आठ थर आधीच लागून झाले होते. आमचा तिसरा थर जेमतेम बसला आणि दोइना म्हणाली, “खाली.”

उतरलो. सनई अजून वाजली नव्हती म्हणून बरं, पुन्हा एकदा रचता येणार होतं. वरचे थर चढू लागले की सनई सुरू होते, आणि त्यानंतर उतरलं तर तो मनोरा गेलाच. मी दोइनावर उखडलो. नेउसने मला हातानेच थांबवलं आणि काय जाणवलं ते तिला विचारलं. दोइना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की हा एउदाल्द माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे भार त्याच्याकडून घसरून माझ्यावर येतो. त्याला माझ्या शेजारी नको, समोरच्या कोपऱ्यात उभं करा.

सरावात कधी न केलेली गोष्ट, भर चौकात! वेड लागलंय का, असं मी नेउसला विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“बदला जागा,” ती म्हणाली.

बदलल्या. आणि खरं सांगतो, मनोरा इतका शांत कधी उभा राहिला नव्हता. तिसरा थर, चौथा, पाचवा. सनई सुरू झाली. मग माझी नात मारिओना माझ्या कमरपट्ट्यात बोटं रोवून, पाठीवरून, खांद्यावरून वर गेली. सगळ्यात वर जाऊन हात उंचावायचं काम तिचं; तो हात वर झाला की मनोरा लागला.

ती वर गेली आणि माझा डावा खांदा गेला. आधी कळ आली, मग काहीच कळेना. बोटं शेजाऱ्याच्या दंडावर होती, पण धरत नव्हती. समोर उभी नेउस माझ्याकडेच बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. दुखणं चेहऱ्यावर आणायचं नाही, हे मी तीस वर्षं घोटून शिकलो होतो. अजून थोडंच, असं मी स्वतःला सांगत राहिलो. माझ्या डोक्यावर सहा थर होते, आणि टोकाशी सात वर्षांची पोर.

“खाली,” मी म्हणालो. सनईच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, या वेळी ओरडून.

पोरं आधी घसरत आली, मग बाकीचे, एकेक थर. सनई मध्येच थांबली. हिरव्या शर्टवाल्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या, त्या फार लागल्या. मारिओनाने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. रडून तिचा चेहरा लाल झाला होता.

“हात वर करायचाच राहिला होता,” ती म्हणाली. “आजोबा, तुम्ही घाबरलात?”

दोइना ऐकत होती. नेउस ऐकत होती. सगळं पथक ऐकत होतं.

“हो,” मी म्हणालो. “फार घाबरलो.”