घड्याळजीचे हात

मेणाताईची मेणबत्ती एकदा पेटली की पाळण्यातलं पोर रांगायला लागायचं, शाळेत जायचं, लग्न करून परत यायचं, तरी ती आपली जळतेच आहे. असं ताईच सांगायची, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. पण चाळीस वर्षं तिने चर्चसाठी मेण ओतलं हे खरं. आणि त्या उकळत्या मेणाने तिच्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली होती की माशी बसली तर घसरून पडावी, हेही जवळजवळ खरं.

तिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीत त्याला सगळे घड्याळजीच म्हणत. मुंगीच्या पायात पैंजण बांधील असा हात. दोन वर्षांपूर्वी तोच हात थरथरायला लागला. आधी चिमटा सुटला, मग चमचा, मग शर्टाची बटणं. दोघंही बिनलग्नाची, एकाच छपराखाली. बटणं ताई लावायला लागली.

अशात चर्चमधून पोर्तुगालच्या यात्रेची टूम निघाली. आठ दिवस, तीन तीर्थं, शेवटी फातिमा, तिथली माऊली नवसाला पावणारी. फादर म्हणाले, तिथे लोक आपला दुखरा अवयव मेणाचा करून नेतात आणि माऊलीपाशी आगीत ठेवतात. ताईचे कान टवकारले. मेणाचा अवयव! म्हणजे घरचंच कार्य की!

घड्याळजीने त्याच संध्याकाळी वही काढायला लावली. तो सांगणार, ताई लिहिणार.

"सहा चाळीस, उठणं. सहा बावन्न, दाढी."

"एवढ्या लांब जाऊन दाढीच करणार का रे?"

"बारा मिनिटं. लिही. डोंगरावरचं देऊळ, पायऱ्यांना पन्नास मिनिटं. अकरा पाच, ताईच्या थापा, पंधरा मिनिटं."

"पंधराच?"

"घरी जेवढी, तेवढीच. तीर्थाला जातोय म्हणून वाढवून मिळणार नाही."

घरी रोज दुपारी हेच चालायचं. ताईच्या गोष्टीतला हत्ती पेटती मेणबत्ती गिळून सोंडेतून उजेड पाडायला लागला की घड्याळाकडे न बघता हा म्हणायचा, "ताई, वेळ झाली." अगदी पंधराव्या मिनिटाला. हात गेले, पण ही हाक कधी एका मिनिटाने चुकली नाही.

व्हिसाच्या कचेरीत मात्र सगळं अडलं. बोटांचे ठसे द्यायचे होते. काचेच्या पेटीवर घड्याळजीने हात ठेवला तर पेटी किंचाळली.

"आजोबा, हात हलवू नका," खिडकीतली पोरगी म्हणाली.

"मी कुठे हलवतोय? तोच मला हलवतोय."

सात वेळा झालं. मग ताईची पाळी. तिचा हात दगडासारखा स्थिर, पण पेटी गप्प. पोरीने तिची बोटं पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा पुसली.

"मावशी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो."

"होत्या गं. मेणात गेल्या. लोकांनी जाळून टाकल्या."

पोरगी हसली, पण शिक्का काही मारला नाही. डॉक्टरांची पत्रं आणा, मग पुढची तारीख दीड महिन्याने. यात्रा निघायची होती तीन आठवड्यांनी. बाहेर येऊन घड्याळजी कठड्यावर टेकला. "एकीला रेषा नाहीत, एकाला दम नाही. चांगली जोडी जमली," म्हणाला आणि वही ताईच्या पिशवीत टाकली. पुन्हा काही त्याने ती मागितली नाही.

फादर म्हणाले, "तुम्ही नाही तर नाही. हात करून द्या, मी नेतो."

ताईने दोन दिवसांत हात केले. स्वतःच्याच हातांवरून. थरथरत्या हातांचा साचा घ्यायचा कसा? घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून ते तपासले.

"हे माझे नव्हेत."

"माऊलीला काय कळतंय!"

"माऊलीला नाही कळणार, तर कुणाला? माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाला चीर आहे, स्प्रिंग उसळली होती तेव्हाची. ती कुठाय? खोटे हात पाठवलेस तर गुण तुला येईल आणि मी इथे चमच्याशी झटत बसेन. माझे पाठव, ताई. निदान ते तरी जाऊ देत."

एवढं आर्जवाने तो आयुष्यात बोलला नव्हता. ताईने ते हात वितळवून टाकले.

झोपेत मात्र त्याचे हात शांत असायचे. म्हणून ती दुपारी प्लास्टर कालवून टपून बसायची. तो खुर्चीत झोपला, हात मांडीवरच्या उशीवर आले की तेल लावून वरून लेप द्यायची. पण गार लेप लागला की हा जागा! "ताई गं, बर्फातली म्हैस चाटून गेली का?" आणि हात उडायचे, लेप भिंतीवर. असं पाच दुपारी झालं.

मधे डॉक्टरांनी गोळ्या अर्ध्यावर आणल्या. "बरं वाटायला लागलंय का त्याला?" ताईने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आवडेल ते खाऊ द्या." थापा मारणाऱ्या बाईला दुसऱ्याची थाप लगेच कळते. हे हात फातिमाला पोचले तरी काय होणार होतं, तेही तिला कळत होतं. पण त्याने मागितलं होतं.

यात्रा निघायच्या आदल्या दुपारी तो लवकरच झोपला. ताईने प्लास्टर हातावर धरून कोमट केलं, श्वास रोखला आणि लेप दिला. हात उडाले नाहीत. तिने दुसरा थर दिला. बोटांच्या बेचक्यांत, नखांवर, चिरेवर सावकाश दाबून बसवला. तरी हूं नाही की चूं नाही.

"शहाणा माझा बाळ!" ती पुटपुटली. आता पंधरा मिनिटं सुकायला हवीत. त्याला जाग येऊ नये म्हणून तिने हळू आवाजात गोष्ट लावली.

"तर तुझे हात पोचले फातिमाला. फादरांनी आगीत ठेवले, तर वितळेचनात! लोक गोळा झाले. तेवढ्यात हातांनी मारली उडी, ते तुरुतुरु मनोऱ्यावर. मनोऱ्यातलं घड्याळ शंभर वर्षं बंद. हातांनी काटे काढले, चाकं पुसली..."

तिच्या बोटांखाली लेप गरम होत कडक झाला. साचा असा उतरला होता की चाळीस वर्षांत उतरला नसेल. भिंतीवर त्यानेच लावलेली सहा घड्याळं टिकटिकत होती. मनोऱ्यातलं घड्याळ सुरू झालं, टोल पडायला लागले, पंधरा मिनिटं भरली. ताई हाकेसाठी थांबली.

सोळावं मिनिट गेलं. मग सतरावं.

सकाळी तिनेच लावलेली शर्टाची बटणं वरखाली होत नव्हती.  लेप काढायला तिचा हात पुढे झाला नाही.

"...तर टोल पडतायत," ती म्हणाली, "एक, दोन, तीन..."

पाच वाजता फादर साचा बघायला आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "जमलं का, ताई?"

मेणाताईने मागे न बघता ओठावर बोट ठेवलं.

"जरा थांबा, फादर. गोष्ट संपायचीय अजून."