ड्रम्सवर कोण होतं?

सुरुचीने गाडी लावली तेव्हा गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून ड्रम्सचा आवाज येत होता. ऋग्वेदा, तिची सोळा वर्षांची मुलगी, शाळेच्या बँडसाठी सराव करत होती. न्यूझीलंडमधल्या, वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या त्या गल्लीला या दणदणाटाची सवय झाली होती. शेजारच्या सामोअन आजी तर पोरगी मध्येच थांबली की कुंपणापाशी येऊन, आज बरं नाही का, असं विचारायच्या.

हॉस्पिटलच्या फार्मसीतली आठ तासांची ड्युटी करून सुरुची घरी आली होती. इंजिन बंद करून ती तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. ऋग्वेदा जे वाजवत होती ते सुरुचीनेच तेवीस वर्षांपूर्वी बसवलेलं होतं. आणि ऋग्वेदा ते चुकीचं वाजवत होती.

ती आत गेली आणि तिने विचारलं, हे कुठून आणलंस. सरांनी दिलंय, ऋग्वेदा म्हणाली. टिन फर्नेस नावाचा एक जुना अमेरिकन बँड होता, एकच रेकॉर्ड काढून संपला. त्यांचं ‘लो ब्रिज’ हे गाणं कुठल्याशा व्हिडिओ गेममध्ये आलं आणि आता सगळी मुलं तेच वाजवतायत.

“तिसऱ्या ठोक्याच्या आधीचं चुकतंय,” सुरुची म्हणाली. “तिथे उजवा हात आधी पडतो.”

“नो, आई. काइल ब्रँट असंच वाजवतो. व्हिडिओ बघ ना.”

सुरुचीने तिच्या हातातून स्टिक्स घेतल्या. मागितल्या नाहीत, घेतल्या. हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकत असताना ती स्टुलावर बसली आणि तिने ‘लो ब्रिज’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. मनगटं दुखली, पाय दोनदा मागे पडला, पण तिसऱ्या ठोक्याआधीची ती थरथर जिथे यायची तिथेच आली. ऋग्वेदा भिंतीला टेकून बघत राहिली. आईला ड्रम्स येतात हेच तिला माहीत नव्हतं.

“त्या रेकॉर्डवर मी आहे,” सुरुची म्हणाली. “काइलला हे मी शिकवलं. तीन दिवस शिकवलं, तरी त्याला आलं नाही.”

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने सगळं सांगितलं. नवरा शंतनू होता, पुण्याहून सहा महिन्यांसाठी राहायला आलेली आई, सुमती, होती. आईला यातलं थोडं ठाऊक होतं, शंतनूला काहीच नव्हतं. कॉलेजात थोडंफार वाजवायचे, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं.

पुण्यात ती ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायची. फार्मसीचं शिकायला १९९९ साली ओहायोतल्या टोलेडोला गेली, तेव्हा क्रेग डॉइल नावाच्या एका गायकाने ड्रमर हवा म्हणून कॉलेजात कागद लावला होता. तिने आयुष्यात ड्रम्सला हात लावला नव्हता. तरी ती गेली. टायरच्या एका बंद पडलेल्या दुकानात ते सराव करायचे, क्रेग आणि गिटार-बेस वाजवणारे दोघे हॉफमन भाऊ. दोन महिन्यांत ती त्यांच्यापेक्षा पुढे गेली. टोलेडो, डेट्रॉइट, फोर्ट वेन, जिथे बार मिळेल तिथे त्यांनी वाजवलं. ‘लो ब्रिज’मध्ये तिने ताशाची तर्री, म्हणजे तिसऱ्या ठोक्याआधीची ती भरभर थरथर, घातली. हॉफमन भाऊ वाजवायचे थांबून ऐकत राहिले होते, आणि क्रेग म्हणाला होता की आता आपण बँड झालो.

२००१च्या फेब्रुवारीत त्यांनी नऊ दिवसांत रेकॉर्ड केली. शिकागोच्या एका कंपनीने ती घ्यायचं ठरवलं. मे महिन्यात क्रेग तिच्या खोलीवर आला आणि म्हणाला की कंपनीला व्हिडिओत मुलगी नकोय, त्यातून भारतीय तर नकोच. पडद्यावर काइल ब्रँट नावाचा एक मुलगा दिसेल, दौऱ्यावर मात्र तूच असशील. तिला ते लागलं, पण तिने मान्य केलं. वर काइलला हात कसे हलवायचे तेही शिकवलं. दौऱ्याला निघायच्या दिवशी सकाळी आठला व्हॅन यायची होती. ती बॅग घेऊन पायऱ्यांवर बसली. दुपारी एकपर्यंत बसली होती.

तिच्याशिवाय तो बँड आठ महिने टिकला. काइलला ताल सांभाळता येईना, लोक हुर्यो उडवायला लागले, हॉफमन भाऊ घरी निघून गेले. २००२च्या फेब्रुवारीत टिन फर्नेस संपला.

शंतनूने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की वीस वर्षांच्या संसारात हे एकदाही सांगावंसं वाटलं नाही का?

“काय सांगणार होते? मला न घेता गेले हे?”

सुमतीबाई म्हणाल्या की झालं ते झालं, आता त्या माणसांचं तोंडही बघायचं नाही आपल्याला. त्यावर सुरुची इतक्या जोरात बोलली की तिची तीच दचकली. तोंड बघायचंच आहे, ती म्हणाली. कारण ऋग्वेदाने फोनवर शोधून काढलं होतं, की रेकॉर्ड नव्याने निघतेय आणि तिच्या प्रचारासाठी क्रेग डॉइल ऑस्ट्रेलियाहून वेलिंग्टनला येणार आहे. पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता, क्यूबा स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानात.

त्या आठवड्यात तिने कामावर कुणाला धड उत्तर दिलं नाही. एका शिकाऊ फार्मसिस्टला साध्या चुकीवरून झापलं आणि नंतर जाऊन माफी मागितली. राग क्रेगवर होता की स्वतःवर, हे तिला नीट कळत नव्हतं. क्रेगचा तरी नाइलाज झाला असेल, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. कंपनीपुढे पोरांचं काय चालणार?

शनिवारी ती ऋग्वेदाला घेऊन गेली. बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटला होता, तरी दुकानात पन्नास-साठ माणसं दाटीवाटीने उभी होती. क्रेग अजून यायचा होता. दारापाशी नव्या रेकॉर्ड्सची चळत होती. सुरुचीने एक उचलली आणि आतली पुस्तिका उघडली.

ड्रम्स : काइल ब्रँट.

त्याखाली क्रेगने लिहिलं होतं, की ‘लो ब्रिज’चा प्रसिद्ध ताल त्याला वडिलांच्या कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या मशिनीवरून सुचला. लहानपणी जेवणाचा डबा द्यायला जायचो, तेव्हा ते यंत्र असंच थरथरायचं, वगैरे. सुरुचीचे कान तापले. पण खरी गोष्ट पुढच्या पानावर होती. तिथे शिकागोच्या कंपनीतला तेव्हाचा माणूस, आता म्हातारा झालेला, आठवणी सांगत होता. त्याने लिहिलं होतं : ‘टिन फर्नेसची पहिली ड्रमर एक भारतीय विद्यार्थिनी होती. मी तिला ऐकलं आणि तिच्यासाठीच बँड घ्यायचं ठरवलं. पण करार व्हायच्या आधीच ती लग्न करायला मायदेशी निघून गेली आणि रेकॉर्डवर काइलने वाजवलंय, असं क्रेगने मला सांगितलं. तिचं नाव मला आता आठवत नाही.’

तिने ते तीनदा वाचलं. म्हणजे कंपनीने कुणाला काढलं नव्हतं. कंपनीला तीच हवी होती, आणि क्रेगला ते सहन झालं नव्हतं. तिने पुस्तिका ऋग्वेदाच्या हातात दिली. ऋग्वेदाने वाचलं आणि आईचा दंड घट्ट धरला.

क्रेग आला. पोट सुटलेला, केस विरळ झालेला, गळ्यात चांदीची साखळी. त्याने सगळ्यांना माओरीतला नमस्कार, किया ओरा, म्हटलं, गिटारवर दोन गाणी वाजवली. मागे स्थानिक मुलांपैकी एक ड्रमर आणि एक बेसवाला होता. मग दुकानदाराने कुणाला काही विचारायचंय का म्हणून माइक फिरवला. सुरुचीने हात वर केला.

“या रेकॉर्डवर ड्रम्स कुणी वाजवलेत?”

क्रेगने तिच्याकडे पाहिलं. ओळखायला त्याला एक क्षणच लागला. त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, पण हात गिटारवरून खाली आला.

“सूझी,” तो म्हणाला. मग लोकांकडे वळून तो गोड आवाजात सांगू लागला, की ही आमची फार जुनी मैत्रीण, अगदी सुरुवातीच्या काळात आमच्यासोबत वाजवायची. काय योगायोग बघा. चल, वर ये, सगळ्यांसाठी एक गाणं होऊन जाऊ दे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रम्सवरचा मुलगा उठून तिला जागाही द्यायला लागला.

सुरुची जागची हलली नाही. “मी काय विचारलं? रेकॉर्डवर कोण आहे?”

क्रेग म्हणाला, ते सगळं गुंतागुंतीचं आहे, खूप वर्षं झाली, शिवाय आता सगळं छापून झालंय.

“छापायला कोण सांगतंय? तोंडाने सांग.”

कुणीतरी फोन वर धरला होता. क्रेगने दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदाराने खाली पाहिलं.

“ठीक आहे,” क्रेग म्हणाला. “सूझी होती.”

“माझं नाव सूझी नाही. दोन वर्षं माझ्या हातचा वरणभात जेवलास, तेव्हा नीट म्हणत होतास.”

“सुरुची,” तो म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. “सुरुची खांबेटे. सगळी गाणी तिनेच वाजवलीत.”

“आणि मी लग्न करायला गेले होते का?”

कंपनीचा माणूस तिच्याबद्दलच बोलायचा, असं काहीतरी तो पुटपुटला. प्रत्येक वेळी तिच्याबद्दलच. बँड माझा होता, सुरुची. मी सुरू केलेला. त्याने आपणहून सांगितलेलं तेवढंच खरं होतं, पण ते ऐकून तिला बरं वाटलं नाही. म्हणजे एवढ्यासाठी. हेवा वाटला म्हणून त्याने तिला पायऱ्यांवर बसवून ठेवलं, आणि तिच्यावाचून बँडही बुडवला.

त्याने परत एकदा ड्रम्सकडे हात केला. ती मागे वळली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडली.

गाडीत ऋग्वेदा चिडली होती. तू वाजवायला हवं होतंस, ती इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना दिसलं असतं. सुरुची म्हणाली, दिसलं असतं की त्याने मोठ्या मनाने मला बोलावलं. ऋग्वेदाला ते पटलं नाही. घरी मात्र मुलीने आजीला सगळं रंगवून सांगितलं. सुमतीबाई ऐकत होत्या. मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “एकदाच नाव घ्यायला का लावलंस? दहा वेळा लावायचं.”

फोनवर घेतलेला तो व्हिडिओ बराच फिरला. तीन आठवड्यांनी शिकागोहून ईमेल आली. त्यांनी खेद व्यक्त केला होता आणि वादकांच्या ऑनलाइन यादीत तिचं नाव ‘अतिरिक्त तालवाद्य’ म्हणून घालायची तयारी दाखवली होती. सुरुचीने एका ओळीत कळवलं, की अतिरिक्त तिथे काइल होता. क्रेगकडून काही आलं नाही. तो मेलबर्नला गेला आणि तिथे त्याने पुन्हा कारखान्यातल्या मशिनीची गोष्ट सांगितली, हे ऋग्वेदाने शोधून काढलं.

यादी दुरुस्त व्हायला चार महिने लागले. एका रविवारी दुपारी शंतनूने लॅपटॉप तिच्यापुढे आणून ठेवला. काइलचं नाव गेलं होतं. त्या जागी ड्रम्सपुढे तिचं नाव होतं, आडनावासकट. शंतनू म्हणाला, आता तरी शांत हो. तिनेही क्षणभर वाट पाहिली, आत काही हलकं होतंय का ते बघायला. मग तिने नाव अक्षर अक्षर वाचलं. इंग्रजीत एक ‘एच’ गाळला होता, खांबेटेचं कांबेटे झालं होतं.

शंतनू म्हणाला, एका अक्षराचं काय घेऊन बसतेस. सुरुचीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि शिकागोला पुन्हा लिहायला घेतलं.