शिवलेलं पान

सकाळी शाळेचं पाणी भरत होते, तेवढ्यात शेताकडून आरडाओरडा ऐकू आला. हंडा तिथेच टाकून धावले. दोघं सख्खे भाऊ बांधाच्या दोन अंगांना उभे, दोघांच्या हातात कुदळी. बांधावर थोरल्याची बायको, दोन्ही हात पसरून.

"दादा, तोंडाने मागितली असतीस तर हातभर जमीन सोडून दिली असती मी!" धाकटा ओरडत होता. "चोरून बांध कशाला कोरतोस? दरवर्षी वीत, दरवर्षी वीत!"

"कोणी पाहिलं?"

"तुझ्या लेकीनं! वहीत लिहिलंय तिनं. काल भर वर्गात गुरुजींनी वाचून दाखवलं. माझी पोर घरी येऊन शब्द न् शब्द बोलून दाखवत होती."

थोरल्याने कुदळ उगारली ती भावावर. बसली मात्र बायकोच्या मनगटावर. सुकलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडलीसुद्धा नाही, मटकन खाली बसली. पेरणीआधीची माती, पाण्यावाचून भुगा झालेली. ती उडाली आणि सगळ्यांच्या तोंडावर बसली.

मी शाळेची मावशी. झाडते, पाणी भरते, घंटा देते. मला अक्षरओळख बेताची, पण माणसं वाचता येतात. म्हणून सांगते, गुरुजी वाईट माणूस नव्हता. पोरांवर जीव टाकायचे. आणि त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता थोरल्याच्या लेकीवर. तिला सगळे टकळी म्हणायचे. बोलायला लागली की थांबायचीच नाही. घंटा देताना माझ्या शेजारी उभी राहून मला कालचं स्वप्न सांगायची, आणि ते संपायच्या आत आजचं सुरू करायची.

भांडणाच्या आदल्या दिवशी निबंध होता, 'माझे बाबा'. बाकीच्या पोरांनी लिहिलं ते सगळीकडे लिहितात तेच. बाबा कष्ट करतात, बाबा खाऊ आणतात. टकळीनं लिहिलं होतं, "नांगरट झाली की माझे बाबा बांध कोरतात. बांधाला तोंड नाही, म्हणून तो ओरडत नाही. मी त्याच्यावर बसते तेव्हा तो मला आजारी माणसासारखा बारीक झालेला वाटतो."

गुरुजींना राहवलं नाही. इतकं सुंदर लिहिणारं पोर आपल्या हाताखाली आहे म्हणून त्यांची छाती फुगली. उभं राहून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. मी दारात केरसुणी घेऊन उभी होते. गुरुजी वाचत होते आणि टकळी बाकाखाली बाकाखाली चालली होती.

बापाने तिला बोट लावलं नाही. त्याने बोलणं टाकलं. ताटावर बसला की नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे. मग तीही बोलायची थांबली. आधी घरात, मग शाळेत. नाव मात्र टकळीच राहिलं, आणि ते ऐकायला नको वाटायचं.

चार दिवसांनी हेडमास्तरांनी गुरुजींना बोलावलं. मी चहा घेऊन आत गेले होते.

"धाकटा वही मागतोय, पुरावा म्हणून," हेडमास्तर म्हणाले. "थोरला म्हणतो, शाळेनं माझं घर फोडलं. दोन्ही बाजूंनी आपणच अडकलोय. तुम्ही एक करा. वही चुलीत घाला, आणि सांगा की कल्पनाविस्तार होता. पोरीनं मनाचं लिहिलं."

"म्हणजे ती खोटी पडेल."

"लहान आहे. विसरेल."

गुरुजी उठले. चहाचा कप तसाच गार झाला. बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले.

"मावशी, निबंधाला शेवटची एक ओळ होती. ती मी वाचली नाही वर्गात."

"कोणती?"

"हे मी कोणाला सांगितलेलं नाही, फक्त गुरुजींना." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ती ओळ मी गाळली. म्हणजे मला कळलं होतं. न कळून चुकलो असतो तर झोप तरी लागली असती."

दुसऱ्या दिवशी गावातली चार मोठी माणसं, दोघं भाऊ, हेडमास्तर, सगळे शाळेत जमले. थोरल्याची बायको हात गळ्यात बांधून भिंतीशी उभी होती. धाकटा म्हणाला, "गुरुजी, वही ठेवा मधे. होऊन जाऊ दे."

गुरुजी उभे राहिले. 

"वही माझी नाही, पोरीची आहे. मी ती तिला परत दिली. तिनं खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि तिच्या लिहिण्यावर तुमच्या जमिनीचा निवाडाही करू देणार नाही. बांध कुठं होता ते मोजणीवाला सांगेल. त्याला बोलवा. तिनं विश्वासानं सांगितलेलं मी चारचौघांत वाचलं, हा गुन्हा माझा. वहिनींचा हात माझ्यामुळे मोडला. तसं मी वरच्या कार्यालयाला लिहून कळवलंय."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं."

मोजणी झाली. अडीच हात जमीन थोरल्याकडे निघाली. त्याने मान खाली घालून एकट्याने बांध मागे सरकवला, तीन दिवस, उन्हात. भावाभावांचं येणं-जाणं हळूहळू सुरू झालं. वरून गुरुजींना ताकीद आली, कागदावर चढली. गावाच्या लेखी गोष्ट संपली.

गुरुजींच्या लेखी संपली नाही. टकळीच्या वहीची पानं कोरी यायची. गुरुजी ती दिव्यासमोर धरल्यासारखी उजेडाकडे धरून बघायचे. शिकवता शिकवता मधेच थांबायचे आणि मला हाक मारायचे, "मावशी, खिडकीखाली कोण बोलतंय बघा जरा." मी जाऊन बघायचे. वाळलेलं गवत आणि ऊन. कोणी नाही. "पोरीचा आवाज होता," म्हणायचे. पोर तर समोर बाकावर, ओठ मिटून बसलेली. बांधावरची वाट सोडून ते लांबच्या रस्त्याने शाळेत यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "पाय ठेवला की कुणाच्या तरी अंगावर ठेवल्यासारखं वाटतं."

पाऊस पडून पिकं गुडघ्याला लागली, तेव्हा एक दिवस वहीत वेगळंच पान आलं. दुमडून चारी कडांनी काळ्या दोऱ्याने शिवलेलं. वर दोन शब्द. वाचू नका.

हेडमास्तर म्हणाले, "उसवा की! घरात काही भलतंसलतं चाललं असेल तर? उद्या आपल्याच गळ्याशी येईल."

ते चूकही नव्हतं. गुरुजींनी ते पान हातात घेतलं. मग टकळीला व्हरांड्यात बोलावलं, मलाही थांबवून घेतलं, आणि तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घातली.

"हे मी उसवणार नाही. पण एक ऐक. तुला कोणी मारत असेल, त्रास देत असेल, तर ते मला माझ्यापाशीच ठेवता येणार नाही. मदतीसाठी कुणाला तरी सांगावं लागेल. पण सांगायच्या आधी तुला सांगेन. तुला विचारल्याशिवाय आता काही नाही. यात तसं काही आहे का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मला नको सांगू वाटलं तर मावशीला सांग."

पुन्हा मान. गुरुजींनी शिवणीच्या बाहेर सही केली, तारीख घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा शिवलेलं पान. पुन्हा तोच प्रश्न, तीच मान, तीच सही. असे सहा आठवडे गेले. मला वाटायचं, त्या शिवणींनी गुरुजी आतून उसवत चाललेत.

सातव्या आठवड्यात सही झाल्यावर टकळी हलली नाही.

"गुरुजी." आवाज इतका बसलेला की मला वाटलं माझा कान वाजला. "तुम्ही एकदाही उसवलं नाही."

"नाही."

"मला माहीत आहे. मी टाके मोजून घालते." ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. "आत काही नव्हतं. सगळी पानं कोरी होती."

गुरुजींचे डोळे भरले. "मग एवढे दिवस?"

"बघत होते," ती म्हणाली, आणि वर्गात निघून गेली.

मी म्हणलं, चला, सुटला बिचारा. पण पुढच्या आठवड्यात पान पुन्हा शिवलेलंच आलं. या वेळी पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की कागदाच्या पाठीवर अक्षरं उमटून वर आली होती. ओळीवर ओळ, कडेपासून कडेपर्यंत. माझं बोट आपोआप त्या उठावाकडे गेलं.

"मावशी, नको," गुरुजी म्हणाले.

त्यांनी टकळीला प्रश्न विचारला. या वेळी तिनं मान हलवली नाही. तोंडाने "नाही" म्हणाली. गुरुजींनी ती उठलेली अक्षरं तळहाताने झाकली, दुसऱ्या हाताने सही केली, आणि वही तिच्याकडे दिली. ती गेल्यावरही तळहात तसाच उघडा धरून ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले होते.