अळणी सूप

"मिठाच्या डब्या परत रिकाम्या!" वाढप्यांच्या कॅप्टनने ट्रे ओट्यावर आपटला. "सकाळीच भरल्या होत्या. माणसं मीठ खातायत की पितायत?"

वस्ताद सुपाच्या पातेल्यात डाव फिरवत उभा होता. त्याने मान वर केली नाही. मॅनेजर फ्रीजचं दार उघडून आत काय उरलंय ते बघत होता. तो तिथूनच म्हणाला, "मग मोठ्या डब्या आणा. त्यात काय एवढं?"

"मोठ्या?"

"मोठ्या. म्हणजे दिवसातून एकदाच भरायला लागतील. तुमचाही वेळ वाचेल."

झालं, विषय मिटला. वस्तादचा डाव मात्र मध्येच थांबला. त्या पातेल्यात मिठाचा कण नव्हता. चुकून राहिलं असं नाही, त्याने मुद्दाम घातलं नव्हतं. आजच नव्हे, गेला आठवडाभर. आणि एवढ्या मोठ्या रिसॉर्टात, समुद्राकडे तोंड करून जेवायला बसणाऱ्या इतक्या माणसांत, एकानेही "हे अळणी आहे" म्हणून वाटी परत पाठवली नव्हती. लोक डबी उचलायचे, चव न बघताच भुरभुरवायचे, चार चमचे प्यायचे आणि पुढच्या परातीकडे वळायचे.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्यासुरत्या स्वयंपाक्याने असला खुळेपणा करावा कशाला? तर त्याला कारण होतं.

वस्ताद या भटारखान्यात आला तेव्हा भांडी घासायला आला होता. तिथून कांदे सोलायला, तिथून चुलीशी. सूप आणि मासे या दोन गोष्टींत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. तेव्हा पाहुणा खुर्चीत बसायचा, वाढपी विचारायचा, चिठ्ठी खिडकीतून आत यायची आणि त्या एका चिठ्ठीचं एक ताट त्याच खिडकीतून बाहेर जायचं. तक्रारही त्याच खिडकीतून यायची. "वस्ताद, चार नंबर म्हणतायत मासा कच्चा आहे." वस्ताद त्या चार नंबरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मासा पुन्हा करायचा.

सगळ्यात वाईट होती तिखट बाई. हे नाव वाढप्यांनीच ठेवलेलं. शाळेत शिकवणारी होती, नाकावर माशी बसू द्यायची नाही. दरवर्षी सुट्टीत नवऱ्याबरोबर यायची, भटारखान्याच्या त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि सूप मागवायची. बोलणं ठरलेलं. "आत जाऊन सांग, मला सूप हवंय, शिंका नकोत. मिरपूड कमी कर म्हणावं." टेबलावरच्या मिठाच्या डबीला ती कधी हात लावत नसे. मीठ घालायचं काम स्वयंपाक्याचं, त्यासाठीच पैसे देते, असं तिचं म्हणणं. तिच्या तोंडून 'छान' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. पण ज्या दिवशी सूप मनासारखं व्हायचं, त्या दिवशी वाटी पावाने पुसून लख्ख होऊन आत यायची. तेवढंच. वस्ताद ती वाटी सगळ्यांना दाखवत फिरायचा. "बघा रे, म्हातारी चाटून गेली!" तेव्हा ती म्हातारी नव्हती, पण वस्तादच्या लेखी शिक्षिका जन्मतःच म्हातारी.

मग मालक बदलले आणि पॅकेज आलं. पाहुण्याने घरून निघायच्या आधीच राहण्याजेवणाचे सगळे पैसे भरायचे, इथे आल्यावर मनगटाला निळी पट्टी बांधून घ्यायची आणि पट्टी सुटेपर्यंत खात सुटायचं. चिठ्ठ्या बंद झाल्या. खिडकीतून ताटांऐवजी पराती जायला लागल्या. पूर्वी चांगलं केलं की गल्ला भरायचा. आता गल्ला आधीच भरलेला, त्यामुळे चांगलं केलं तर माणसं जास्त खातील, हीच मालकाला धास्ती. ताज्या माशाऐवजी बर्फातला मासा आला. सुपासाठी हाडं उकळायची बंद झाली, पुडीतली पावडर आली. वाढपी कोणाला काय हवं ते विचारेनासे झाले. विचारून तरी काय उपयोग, पाहुणा स्वतःच उठून वाढून घेणार. ते आता नुसती खरकटी उचलतात. पाहुण्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. पैसे भरलेत ते वसूल तर करायलाच हवेत, म्हणून बिचारे डोंगराएवढं वाढून घ्यायचे आणि निम्मं टाकायचे.

भांडी घासणाऱ्या मावशीला याचं फार वाईट वाटायचं. "पूर्वी ताट बघितलं की कळायचं वस्ताद, काय आवडलं नि काय नाही," ती म्हणायची. "आता चांगलं असलं तरी टाकतात, वाईट असलं तरी टाकतात. काय समजायचं माणसानं?"

अशात वस्तादला ताप आला. साधाच ताप, उतरला. पण उतरताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. सकाळी कामावर येऊन त्याने सुपाचा चमचा तोंडाला लावला, तर नुसतं गरम पाणी. मीठ तोंडात टाकून बघितलं, वाळूसारखं करकरलं. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. हळूहळू वर्ष गेलं, दुसरं गेलं. आली नाही.

घरी बायकोला त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगणार? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच ठेवून तिने आधी दार लावून घेतलं.

"तिथं कोणाला बोललात?"

"नाही."

"बोलूही नका. उगीच आपल्या पायावर धोंडा." मग जरा थांबून तिने विचारलं, "कोणी ओरडलं का? वाईट झालंय म्हणालं?"

"कोणीच नाही."

"मग झालं तर. देवाची कृपा समजा."

पहिले काही महिने त्यालाही ती कृपाच वाटली. अंदाजाने मीठ घालायचं, हात चालेल तशी मिरपूड, आणि जीव मुठीत धरून खिडकीकडे बघत बसायचं. आता येईल कोणीतरी, आता पकडला जाईन. कोणी येत नव्हतं. वर्षअखेरीला मॅनेजरने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "सुपाबद्दल एकही तक्रार नाही! याला म्हणतात अनुभव." मावशीने तर हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. वस्ताद त्या रात्री घरी जाऊन जेवला नाही.

त्याला धडकी भरली होती ती तेव्हापासून. चव गेली म्हणून नव्हे. चव गेलेल्या माणसाचं आणि चव असलेल्या माणसाचं सूप जर सारखंच, तर आजवर चुलीपुढे उभं राहून केलं काय? उकळणाऱ्या तेलाने भाजलेले हात, लेकीच्या शाळेतले चुकलेले कार्यक्रम, वडील गेले तेव्हासुद्धा आधी मासे उतरवून मग निघालो, ते सगळं कशासाठी? हे कोणाला विचारायची सोय नव्हती. मग गेल्या आठवड्यात त्याने मीठ घालणं बंद केलं. मनाशी पक्कं ठरवलं, एका माणसाने, फक्त एकाने म्हणावं की हे अळणी आहे. त्याच क्षणी जाऊन मॅनेजरला सगळं सांगायचं आणि कंबरेचा अ‍ॅप्रन सोडून ठेवायचा. नोकरी गेली तर गेली. निदान आजवरचं केलेलं खरं होतं एवढं तरी कळेल.

आणि बदल्यात मिळालं काय, तर मोठ्या डब्या.

त्या डब्या टेबलांवर लागल्या त्याच दुपारी कॅप्टन धावत आत आला. "वस्ताद, कोण आलंय ओळखा! तुमची तिखट बाई!"

"चल, थापा मारू नकोस."

"शपथ. मुलाबरोबर आलीये. सून, नातू, सगळी पलटण. मनगटाला पट्टी बांधून घेतानाच भांडली. म्हणे, मी काय हरवणारं पोर आहे का?"

वस्ताद खिडकीशी गेला. तीच. वाळून काटकुळी झालेली, हातात काठी, पण बसली होती खिडकीजवळच्याच टेबलाशी. नवरा दिसत नव्हता. मध्ये बरीच वर्षं गेलेली, कळायचं ते कळलं. मुलाने वाटीभर सूप आणून तिच्यापुढे ठेवलं. वस्तादच्या शेजारीच मिठाचा डबा होता. अजूनही धावत जाऊन चिमूट टाकता आली असती. हात डब्यापर्यंत गेलाही. मग त्याने तो मागे घेतला. ही सोडणार नाही, त्याच्या मनात आलं. जग इकडचं तिकडे झालं तरी ही सोडणार नाही. त्याच्या छातीत इतकं धडधडत होतं की त्याला स्वतःचंच हसू आलं.

बाईने पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली. चमचा खाली ठेवला. वाटीकडे बघितलं. मग वाढप्याला बोलवायला तिचा हात वर गेला, अगदी पूर्वीसारखा, एक बोट उभारून.

"आई, अगं काय करतेस?" मुलाने तिचा हात धरून खाली घेतला. "सगळ्याचे पैसे भरलेत. हे नको तर दुसरं घे. तिकडे पंधरा प्रकार आहेत. भांडतेस कशाला सुट्टीत?"

"अरे पण यात..."

"मीठ कमी आहे ना? ही काय डबी, हवं तेवढं घाल."

वस्तादला राहवलं नाही. हात पुसत तो बाहेर आला. भटारखान्यातल्या माणसाने जेवणाऱ्यांत यायचं नाही असा नियम होता, पण आज नियमाला विचारतो कोण. तो थेट टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

बाईने डोळे बारीक करून बघितलं. "तूच होय? अजून आहेस? मला वाटलं, गेलास."

"आहे की. तुम्हाला शिंका आणल्याशिवाय कसा जाईन?" तो वाटीवर वाकला. "बाई, सूप कसं झालंय?"

ती बोलणारच होती. ओठ उघडलेले त्याने पाहिले. तेवढ्यात नियम मोडून बाहेर आलेल्या माणसाला बघून मॅनेजर लगबगीने आला आणि वस्तादच्या मागे उभा राहिला. "काही प्रॉब्लेम आहे का मॅडम? सुपाबद्दल काही तक्रार?"

बाईची नजर मॅनेजरवर गेली. मग वस्तादच्या पिकलेल्या केसांवर, भाजून डाग पडलेल्या हातांवर आणि पुन्हा त्याच्या तोंडावर. तिथे काकुळती होती, ती तिला दिसली. कशासाठी आहे ते मात्र तिने आपल्या परीने ओळखलं.

"तक्रार कसली?" ती म्हणाली. "छान झालंय."

"बाई, नीट सांगा," वस्ताद जवळजवळ ओरडलाच. "मीठ... मीठ बरोबर आहे का?"

"बरोबर आहे. छान झालंय म्हणाले ना? जा आता, काम कर तुझं. गार होतंय." आणि त्याच्याकडे बघत तिने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. मुलाने पुढे सरकवलेली मिठाची डबी तिने कोपराने बाजूला ढकलली.

"ऐकलंत ना वस्ताद?" मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता चला आत."

वस्ताद आत आला. पराती येत राहिल्या, जात राहिल्या. गर्दी ओसरल्यावर मावशीने एकदम हाक मारली, "अहो वस्ताद, इकडे या, इकडे या! किती वर्षांनी!"

तिच्या हातात सुपाची वाटी होती. आतून पावाने पुसलेली, लख्ख.

"त्या खिडकीजवळच्या टेबलावरची," मावशीला हसू आवरत नव्हतं. "सगळं अर्धंमुर्धं टाकणारी माणसं ही, आणि हे बघा! तुमच्या हाताची चव अजून आहे बरं का. मी म्हणत नव्हते?"

वस्तादने वाटी हातात घेतली. कडेला पावाचा एक कण चिकटला होता. तो त्याने बोटाने काढला.

"हो," तो म्हणाला. "आवडलेलं दिसतंय."

ती वाटी त्याने मावशीला दिली नाही. स्वतः नळाखाली धरून धुतली, पुसली आणि फळीवर पालथी ठेवली. मग संध्याकाळच्या सुपाचं पाणी चढवलं, पुडी फोडून ओतली. डब्यात हात घालून मूठभर मीठ घेतलं आणि अंदाजाने टाकलं. चमच्याने चाखून बघितलं, जुन्या सवयीने मान डोलावली आणि म्हणाला, "झालं. लावा."