पाठीवरचं वारं

डिसेंबरातल्या त्या रविवारी अनंतराव मफलर गुंडाळून अंगणात उभे होते आणि अनघा सायकलच्या चाकात हवा भरत होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून लेकीचा सराव हीच त्यांची नोकरी झाली होती.

"मागच्या शर्यतीत काय झालं, आठवते ना?"

आठवत होतं. आधी धरणाच्या पाण्यात पोहायचं, मग उमरखेडच्या दिशेने सायकल, आणि परत आल्यावर धरणाच्या भिंतीवर धावायच्या फेऱ्या. शेवटच्या फेरीआधी एक कमान होती. ती दीड वाजता बंद व्हायची. अनघा पोचली तेव्हा कमानीत दोर बांधून झाला होता आणि दोरापलीकडे बाबा सोललेलं संत्रं घेऊन उभे होते.

"जाताना वारं पाठीवर होतं, अन् तू उधळली. तुले वाटलं, पायातच जोर आहे." ते खाली वाकले. "बाभळींकडे पाह्यत जाय. कापसाच्या गाड्यांतून उडालेला कापूस काट्यांत अडकून असते. त्याची शेपटी उमरखेडकडे असली, की समज, येताना तेच वारं छातीवर."

"बाबा, घड्याळात सगळं दिसतं."

"घड्याळाले वारं लागते काय?"

ती हसली, सायकलवर बसली. "जाते."

"येते म्हणावं."

हे भांडण जुनं होतं. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये हे तिला शाळेपासून ठाऊक होतं, आणि शाळेपासूनच ती मुद्दाम तसं म्हणायची. तेही फाटकापर्यंत येऊन, तिने बरोबर म्हटल्यासारखं, "ये," म्हणायचे.

त्या दिवशीही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

जानेवारीत शर्यतीचा विषय निघाला तेव्हा काकूंनी नाक मुरडलं. "वर्ष व्हायचंय अजून."

"शर्यत आहे ती, वरात नाही," अनघाची आई, शुभदाताई, म्हणाल्या, आणि संत्र्यांची पिशवी त्यांनी स्वतः भरली.

शर्यतीच्या सकाळी धरणावर एवढं धुकं, की पोहण्याची वाट दाखवणारे पाण्यातले लाल फुगे दिसेनात. सुरुवात लांबली. कमान मात्र दीडलाच बंद होणार, कारण रस्ता तेवढाच वेळ मोकळा मिळाला होता. पाण्यात उतरताच अनघाचे दात वाजले. बाहेर आली तेव्हा ऊन पडलं होतं, आणि सायकलवर बसताच तिने बाभळींकडे पाहिलं.

काट्यांवरचे पांढरे पुंजके ताठ होते. शेपट्या उमरखेडकडे.

पाठीवर वारं आलं. पाय आपोआप पळू बघत होते आणि ती त्यांना धरून ठेवत होती. एकामागून एक सगळे पुढे गेले. यवतमाळचा अभिषेक शेजारून जाताना ओरडला, "ताई, झोप नाही झाली काय?"

वळणाशी घड्याळाने गेल्या वर्षीपेक्षा वाईट आकडा दाखवला. बाबा चुकले असतील तर? तिने घड्याळ मनगटाच्या आत फिरवलं आणि सायकल वळवली.

वारं भिंतीसारखं छातीवर आलं. ती हँडलवर पार आडवी झाली, आणि इतका वेळ राखलेलं सगळं पायांत उतरलं. पुढचे ठिपके मोठे व्हायला लागले. एक मागे पडला, दुसरा पडला. मग मान खाली घालून कण्हणारा अभिषेक आला.

"झाली रे झोप!"

तांड्याजवळ दर शर्यतीला स्पर्धकांसाठी पाण्याची घागर घेऊन बसणाऱ्या रुपीबाई खदखदून हसल्या. "एवढी घाई होती तं यष्टी काहून नाही पकडली, बाई?"

अनघालाही हसू फुटलं. वारं दातांवर लागलं.

धावायला लागली तेव्हा धरणाची भिंत तापली होती. वारं पडलं होतं. आता ते हवं होतं, तर पान हलत नव्हतं. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत मांड्या दगड झाल्या. लांबवर कमान दिसली, आणि कमानीत दोर हातात घेऊन उभा असलेला माणूसही. तो घड्याळ बघत होता.

"पळ, अनू!" आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या शुभदाताई पदर कमरेला खोचून किंचाळत होत्या. "पळ गं!"

ती पळाली. दोराचं एक टोक बांधलेलं होतं, दुसरं त्याच्या मुठीत होतं. त्या फटीतून ती आत घुसली, आणि मागे दोर ताणल्याचा आवाज आला.

आईच्या हातात सोललेलं संत्रं होतं. गेल्या वर्षी बाबा उभे होते, त्याच जागी आई उभी होती. अनघाने दोन फोडी तोंडात घातल्या. रस हनुवटीवरून ओघळला. एक फेरी बाकी होती, आणि आता तिला कोणी थांबवणार नव्हतं.

दोन पावलं पुढे जाऊन ती वळली. आईकडे नाही, आईशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"बाबा, येते."