दोन वेगळ्या टोकांची वायर

मित्रांनो, मी हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. रंग राखाडी, अंग विटेसारखे जाड, पोटात चार सेल. माझ्या हिरवट पडद्याला स्वतःचा उजेड नाही. म्हणून ओसाकातल्या आमच्या इस्त्रीच्या दुकानात माझी जागा खिडकीशी.

दुकानाची मालकीण तोमियो आणि तिची थोरली बहीण हिसाए रोज काम आटोपले की एक डाव खेळत. वरून पडणारे ठोकळे रचायचे, एवढाच खेळ. हिसाएकडे हुबेहूब माझ्यासारखा गेम होता. आम्हा दोघांना वायरने जोडले, की एकीने पुऱ्या केलेल्या ओळींचे ओझे दुसरीच्या पडद्यावर चढे. हरणारीने कोपऱ्यावरून गरम ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले गोळे, आणायचे, असा आठ वर्षांचा रिवाज.

मग हिसाएचा गेम पडून फुटला. त्याच महिन्यात तिचे दूर सप्पोरोला, मुलाकडे कायमचे राहायला जायचे ठरले. मुलाने तिला नवा गेम पाठवला. त्याला पाहून मी थक्कच झालो! माझ्याच घराण्यातला, पण किती सडपातळ! दोनच बारीक सेलांवर चालणारा. पडदा इतका स्वच्छ, की ठोकळ्याची कड न् कड दिसावी.

निघायच्या दिवशी दोघी शेवटचा डाव खेळायला बसल्या, आणि वायर त्याच्यात शिरेना. त्याचे भोक माझ्यापेक्षा लहान होते.

"ढकल की जोरात!" तोमियो म्हणाली.

"अगं, इस्त्री आहे का ती, दाबायला? हरायची भीती वाटते म्हणून मोडतेस होय?"

"भीती आणि तुझी? ताई, गाडीला तीन तास आहेत. ऊठ!"

दोघी आम्हाला घेऊन दुरुस्तीवाल्या कुसाकाकडे धावल्या. त्याने आमची वायर आणि त्याच्याकडची एक बारीक टोकाची, अशा दोन वायरी कापल्या आणि आतली एकेक तार तपासून सांधली. आता एक टोक जाड होते, दुसरे बारीक.

"चालेल ना हो?" तोमियोने घड्याळाकडे बघत विचारले.

"त्यांनाच विचारा, काकू. अंग बदललंय, बोली तीच असावी."

मी भीतभीत हाक दिली. त्या चिमुकल्याने तत्क्षणी ओ दिली! मित्रांनो, एवढे नवल मी जन्मात पाहिले नव्हते.

डाव हिसाएने जिंकला. वायर गुंडाळून तिने तोमियोच्या हातात ठेवली.

"तूच सांभाळ. माझ्याकडे असली तर मी तिकडेच बसून राहीन. इथे असली तर खेळायला यावंच लागेल."

"ये तर खरी. रडवूनच पाठवते!" तोमियो म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

पुढे आमच्या घराण्यात पडद्याला उजेड असलेला आला, रंगीत आला, पुस्तकासारखा मिटणारा आला. प्रत्येकाला पाहून मी अजून थक्क होतो. हिसाए मात्र दर वसंतात तोच सडपातळ गेम घेऊन येते.

मित्रांनो, नवे जरूर घ्या. पण जुन्याचे सेल आठवणीने काढून ठेवा. ते पाझरले की आम्हाला आतून खातात. आणि वायर फेकू नका. दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओ द्यायला बसलेले असते.