सहावी सूचना

खुशीने पाचवी सूचना वाचून संपवली, बोट खाली सरकवलं आणि सातवी वाचायला घेतली.

"सात. मुलांचा रुमाल रोज धुतलेला असावा. दुसऱ्याचा रुमाल वापरू नये."

पार्बताबाईचे हात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवर थांबले. अंगणात कोवळं ऊन होतं. ओल्या गोणपाटावर पहाटे उपटलेल्या सांबाराचा ढीग पडला होता, आणि त्या गारव्याने तिची बोटं लाकडासारखी झाली होती. तिने नातीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. अक्षरं तिला येत नव्हती, पण आकडे येत होते. अमरावतीच्या भाजीबाजारात तीस वर्षं बसलेल्या बाईला आकड्यात कोणी फसवू शकत नव्हतं. कागदावर पाचाच्या खाली सहा होता. सहाच्या पुढे चांगल्या दोन ओळी होत्या.

"वाच पुढं," ती म्हणाली.

"आठ. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलांना स्वेटर घालूनच पाठवावे, नाचाचे कपडे पिशवीत द्यावेत. झालं. आता सही कर इथं."

शाळेचं हे पत्रक दर हिवाळ्यात यायचं. शाळा आता साडेआठला भरणार, लेकरांचे कान झाका, प्यायला कोमट पाणी द्या, ताप असला तर घरी ठेवा. पार्बताबाई ते दर वेळी ऐकायची, आणि आपली चार लेकरं काय कागद वाचून मोठी केली होती का, असं मास्तरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारायची. मग सही करायची. बचतगटात शिकलेली ती सही करताना तिची मान अशी काही ताठ व्हायची की मनोजला, तिच्या पोराला, हसू आवरायचं नाही.

आज तिने पेन घेतला नाही.

"राहू दे. हात ओले हायेत."

"पूस ना मंग."

"लय शहानी झाली. जा, वेनी घालून घे मायजवळून."

खुशी उठली तेवढ्यात खोकला आला. पार्बताबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं, पदराचा बोळा ओठांवर दाबला. खोकला सुरू झाला की संपायचं नाव घेत नसे. पोरीने न सांगता तांब्या आणून दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आठ वर्षांच्या मानाने त्या हाताला पाठ कुठे दुखते ते फार नीट माहीत होतं.

"थंडीचा हाय," पार्बताबाई म्हणाली. कोणी विचारलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात सून भाकरी थापत होती. तिच्या हाताचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

शाळेत खिचडीसाठी लागणारी भाजी रोज मनोज मोटरसायकलवरून टाकून यायचा. त्या दिवशी पार्बताबाईने थैली स्वतःच्या खांद्याला लावली.

"तुमी कायले जाता? मी चाललो ना," मनोज म्हणाला.

"काहून? मले पाय नाहीत?"

यावर त्या घरात कोणी काही बोलत नसे.

शाळा फार लांब नव्हती, पण वडाजवळ आणि मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावर असं दोनदा तिला टेकावं लागलं. ओट्यावर बसलेल्या बायांनी विचारलं तेव्हा, चपलेचा अंगठा तुटला म्हणून सांगितलं. पत्रक कमरेला खोचलेलं होतं. खुशीच्या दप्तरातून ते काढताना आपण चोरी करतो आहोत असं तिला वाटलं होतं. आणि सूनबाई बारावी शिकलेली घरात असताना कागद वाचून घ्यायला गाव ओलांडावं लागतं, याचा रागही आला होता. पण सुनेपुढे कागद धरायचा म्हणजे उद्या ती पोळ्या कशा लाटायच्या तेही सांगेल.

तिचा अंदाज असा होता की सहाव्या ओळीत पैसे मागितले असतील. नाचाच्या कपड्यांचे नाहीतर सहलीचे. आजीला त्रास नको म्हणून पोरीने गिळून टाकलं असेल. पोरगी तशीच होती.

आरती मॅडम व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. वयाने पार्बताबाईच्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"हे पाहा मॅडम," पार्बताबाईने कागद उलगडला, "चष्मा घरी राह्यला माहा. हे सहावं काय लिवलं तेवढं सांगा."

पार्बताबाईकडे चष्मा नव्हताच. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. वाचायला त्यांनी जरा वेळ लावला.

"सहा. घरातील कोणाही मोठ्या माणसाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला असल्यास दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. तपासणी होईपर्यंत लहान मुलांना त्यांच्याजवळ झोपवू नये."

मैदानात पोरं कवायत करत होती. खुशी तिसऱ्या रांगेत होती. आजी आलेली तिला दिसली नव्हती.

"एवढंच?" पार्बताबाईने विचारलं.

"एवढंच." मॅडमनी पेन बंद केला. "आजी, एक बोलू का? खुशी परवा माझ्याकडे आली होती. म्हणाली, ही सहा नंबरची सूचना आमच्या कागदावरून खोडता येईल का?"

"काहून?"

"तिला मीही तेच विचारलं. सांगेचना. मग म्हणाली..." मॅडम अडखळल्या. "म्हणाली, आमच्या आजीच्या सासूला खोकला होता तेव्हा आजीने तिला गोठ्याजवळच्या खोलीत ठेवलं होतं. ताट वेगळं, गिलास वेगळा. ती तिथेच मेली. आता आजीलाही तिथे ठेवतील."

ही गोष्ट खुशीला पार्बताबाईनेच सांगितली होती, एकदा नाही, दहादा, आणि दर वेळी अभिमानाने. विशीतली सून, घरात दोन लहान लेकरं, आणि सासूबाई केशरबाई खोकून खोकून रक्त टाकणाऱ्या. सगळे पुरुष माना खाली घालून बसलेले. तेव्हा एकटी आपण उभी राहिलो, ताट वेगळं काढलं, खाट गोठ्याकडे हलवली. मी नसती तर आज हे घर नसतं. गोष्ट इथे संपायची. पुढचं तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. की केशरबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, पार्बता, सांबार फुलावर आला का वं? मेथी उपटली का? मोठ्याने विचारायच्या, पुन्हा पुन्हा. आणि उत्तर द्यायचं तर दारापर्यंत जावं लागेल म्हणून ती अंगणात जुड्या बांधत बसायची आणि ऐकू न आल्यासारखं करायची.

"आता तसं काही करायचं नसतं, आजी," मॅडम सांगत होत्या. "ताट वेगळं करायची गरज नाही. साधा खोकलाही असेल. दुसरं काही निघालं तरी औषध फुकट मिळतं, माणूस बरा होतो. फक्त तपासायला हवं."

"मले काय झालं तपासायले?" सवयीने तिच्या तोंडून निघालं. पण त्यात जोर नव्हता. थैली रिकामी करून ती उठली, आणि मैदानाच्या कडेने न जाता मागच्या फाटकातून बाहेर पडली.

घरी वर्षाली भांडी घासत होती. पार्बताबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली, दम खाली बसू दिला आणि कागद सुनेपुढे धरला.

"हे सहावं वाच."

वर्षालीने हाताची राख झटकली. कागद घेतला नाही. नुसतं त्याच्याकडे पाहत म्हणाली, "घरातील कोणाही मोठ्या माणसाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला असल्यास..."

"पाठ हाय तुले?"

"शाळेच्या ग्रुपवर आलं होतं. आठ दिवस झाले."

"आन् मन्यानं?"

"त्यायनंबी वाचलं."

"गीतांजलीले?"

"मी पाठवलं होतं. तवाच ते खोकल्याची बाटली आली जठारपेठेतून."

अकोल्याच्या लेकीने, गीतांजलीने, आपण होऊन बाटली पाठवली म्हणून पार्बताबाईने सगळ्या आळीला ती दाखवली होती. आता ती कोनाड्यातल्या त्या बाटलीकडे पाहत राहिली. घरात सगळ्यांना माहीत होतं. आठ वर्षांच्या पोरीपासून अकोल्याच्या लेकीपर्यंत.

"मंग सांगितलं काहून नाही मले? तोंडात काय मूग भरले होते तुमच्या?"

वर्षाली भांडं पुन्हा घासू लागली. तिचा आवाज चढला नाही.

"दिवाळीले सांगितलं होतं ना आई. दवाखान्यात जाऊ म्हनलं. तुमी म्हनल्या, माह्या मरनाची वाट पाहून राह्यली काय, घर तुह्या नावानं करून घे म्हना. दोन दिवस जेवल्या नाहीत. मंग हे म्हनले, आता बोलू नको." ती थांबली. "खुशीले मी आमच्याकडं झोपवाले पाहिलं. दोनदा. तुमी म्हनल्या, पोरगी तोडते माही."

पार्बताबाईने तोंड उघडलं. अशा वेळी एक नाही चार उत्तरं तिच्या जिभेवर तयार असायची, आणि समोरचा पहिल्यातच गार व्हायचा. आज तिने तोंड मिटून पत्रक खांबापाशी ठेवून दिलं. भांड्यांवर पाणी पडत होतं. थोड्या वेळाने वर्षाली उठली, चहा ठेवला, आणि नेहमीच्याच कपात आणून तिच्या हाती दिला. स्वतःचा कप घेऊन तिथेच, खांबापाशी बसली. सासूजवळ अशी ती लग्नानंतर पहिल्यांदाच बसली असेल.

दुपारी खुशी आली ती दारातच थबकली. तिची वाकळ आणि उशी आईबापाच्या खोलीत खाटेवर घडी करून ठेवलेली होती.

"कोनं नेलं हे?"

"म्या," पार्बताबाई म्हणाली.

"काहून?"

"लाता मारते तू झोपेत. बरगड्या मोडल्या माह्या."

पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग खांबाजवळ पडलेल्या पत्रकाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी भरून आलं.

"तुले सांगितलं मॅडमनं."

"इकडं ये."

"मी नाही येत. तू आता गोठ्यात जाशीन."

"गोठा हाय कुठं, बावळे? तिथं तुह्या बापाची फटफटी राह्यते. तिले काढून मले ठेवीन काय तो?"

खुशी हसली नाही. ती जवळ येऊ लागली तशी पार्बताबाईने पदर नाकातोंडावर ओढून घेतला आणि दुसरा हात पुढे केला. पोरीने तो हात धरला. दोघींमध्ये हातभर अंतर तसंच राहिलं, आणि ते कमी करायला पोरगी दोनदा पुढे सरकली तेव्हा दोन्ही वेळा म्हातारी मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांबार वावरातच राहिला. तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीपाशी आठ-दहा जणांची रांग होती. पार्बताबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, तोंडाला मनोजने आणलेला मास्क होता, आणि तो लावल्यामुळे आपला दरारा कमी झाला असं वाटून ती प्रत्येकाकडे डोळे वटारून पाहत होती. वर्षालीच्या हातात आधारकार्डं होती. खुशी शाळेचा गणवेश घालून मधे उभी होती.

नंबर आला. टेबलामागची नर्स मान खाली घालून लिहीत होती.

"नाव?"

वर्षालीने सांगितलं. वय सांगितलं, गाव सांगितलं.

"खोकला कधीपासून?"

"दिवाळीपासून," वर्षाली म्हणाली.

पेन कागदावर टेकला.

"पोळ्यापासून," पार्बताबाई म्हणाली.

वर्षालीने वळून पाहिलं. नर्सनेही मान वर केली.

"पोळ्यापासून हाय," पार्बताबाई पुन्हा म्हणाली. मास्कमुळे आवाज घोगरा येत होता, तरी तिने तो खाली येऊ दिला नाही. "तवा मी वावरातच खोकलत होती. मोटरीच्या खोलीमांगं. मोटर चालू करून."

मागच्या रांगेत कोणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं. नर्सने आधीचा शब्द खोडला आणि बाजूला नवा लिहिला.

"घरात लहान मूल आहे? जवळ कोण झोपतं तुमच्या?"

पार्बताबाईने खुशीच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी मागे वळून पाहायला लागली, तिने पाहू दिलं नाही. हळूच, पण जोर लावून, तिने तिला टेबलापुढे सरकवलं.

"पयले इचं लिवा," ती म्हणाली.